हॉर्न बंद होईना!

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, आळस. पण मे महिन्यात नागपूरला घरी गेलो होतो तेव्हा जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं असं वाटतंय. नातेवाईक मंडळींना अर्धी गोष्ट ठाऊक आहे, म्हणजे 'गाडी वेडी झाली होती' एवढीच. उरलेली अर्धी आज सांगतो. (बाबांना विचारून लिहितोय, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं!)

नवतपा सुरू होता. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना हे समजावून सांगावं लागतं. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तेव्हापासूनचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. दुपारी बारा ते पाच नागपूरच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पारा ४५च्या पुढे, आणि सगळं गाव दारं-खिडक्या लावून कूलरपुढे आडवं. त्रिमूर्ती नगरच्या आमच्या घरी मागच्या खोलीला एक जुना लोखंडी कूलर आहे. ताट्या ओल्या झाल्या की वास फार छान येतो, पण आवाज असा, की अंगणात विमान उतरतंय. बाबा त्याच खोलीत झोपतात.

दुपारी अडीचची वेळ. आणि एकदम... पोंऽऽऽऽ!

पहिलं अर्धं मिनिट कोणी उठलंच नाही. कोणी तरी गेट अडवलं असेल, हटेल थोड्या वेळात. पण हा हॉर्न श्वासच घेईना. माणूस वाजवतो तेव्हा मध्ये कुठे तरी थांबतो, इथे एकच सूर. शेवटी आई म्हणाली, "अरे, आपल्या दारात वाजून राहिलं ते."

बाहेर आलो तर आमचीच गाडी! बाबांची २०१२ सालची छोटी गाडी. पोर्चमधली सावलीची जागा मी माझ्या गाडीने अडवली होती, म्हणून बिचारी तीन दिवस बाहेर उन्हात उभी होती. आत कोणी नाही, किल्ली घरात खुंटीला, आणि गाडी आपली ओरडतेय. मी किल्ली आणून उघडली, चालू केली, बंद केली, हॉर्नच्या बटणावर चापट्या मारल्या. काहीही फरक नाही. समोरचे काका डोक्याला दुपट्टा गुंडाळून गेटशी आले. "काय होऊन राहिलं भाऊ? बंद कर ना बाप्पा ते!" गल्लीच्या तोंडाशी एक छोटं हॉस्पिटल आहे. नियमाप्रमाणे हॉस्पिटलभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र, दिवसा मर्यादा ५० डेसिबल. गाडीचा हॉर्न सात मीटरवर ९३ ते ११२ डेसिबल भरावा, असं मानक आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवला तर हजार रुपये दंड. पण इथे वाजवणारा कोण?

(आमचे खासदार नितीन गडकरी २०२१ साली परिवहन मंत्री म्हणून म्हणाले होते, की हॉर्नमधून बासरी-तबल्यासारख्या भारतीय वाद्यांचे सूर यायला हवेत. त्या दुपारी बासरी अडकली असती तरी काकांनी मला सोडलं नसतं, हे नक्की!)

किल्ली काढूनही हॉर्न का थांबत नाही, तर बहुतेक गाड्यांत त्याला बॅटरीतून थेट वीज असते. बोनेटला हात लावला तर तवा. शेवटी काकांनीच दहा नंबरचा पाना दिला आणि मी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. शांतता! घड्याळाने बारा मिनिटं झाली होती. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत एक वैतागलेला चेहरा.

साडेतीनला बाबा उठून बाहेर आले. पन्ह्याचा पेला हातात घेत म्हणाले, "दुपारी कुठे तरी दूर वरात होती का रे? वाजंत्रीसारखं काही तरी ऐकू येत होतं."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." हे 'काही नाही' लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, आमचा नेहमीचा मेकॅनिक आला. मी रात्री बरंच वाचून ठेवलं होतं, त्यामुळे शहाणपणाने त्याच्या बाजूला उभा राहिलो. हॉर्न म्हणजे आतून अगदी साधी वस्तू. तारेचं वेटोळं, त्याच्यापुढे पोलादी पडदा. वीज आली की वेटोळ्याचं चुंबक होतं आणि पडदा ओढला जातो. पण पडदा ओढला की आतला संपर्क तुटतो, वीज जाते, पडदा मागे येतो, आणि संपर्क पुन्हा जुळतो. हे सेकंदाला साधारण चारशे वेळा! त्याचाच तो पोंऽऽ. स्टिअरिंगवरच्या बटणातून ही मोठी वीज जात नाही. बटण फक्त एका बारीक वायरला अर्थ देतं, त्याने रिले नावाची छोटी डबी ओढली जाते, आणि ती डबी हॉर्नला वीज सोडते. म्हणजे संशयित तीन: हॉर्नकडे जाणारी वायर, रिले आणि बटण.

मेकॅनिकने आधी रिले उपटून काढला आणि मग बॅटरी जोडली. हॉर्न गप्प. म्हणजे हॉर्नची वायर कुठे दुसऱ्या चालू वायरला चिकटलेली नाही. एक संशयित सुटला.

मग त्याने त्याच नंबरचा दुसरा रिले त्या जागी बसवला. पोंऽऽऽ! (समोरच्या काकांची खिडकी उघडली.) रिलेच्या आतले संपर्क ठिणग्यांनी एकमेकांना चिकटतात, म्हणून बहुतेक वेळा तोच गुन्हेगार असतो, असं मी वाचलं होतं आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगूनही टाकलं होतं. आमचा रिले मात्र निर्दोष निघाला.

मग त्याने पुन्हा रिले काढला. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावला आणि टोक बटणाकडून येणाऱ्या वायरच्या खाचेत टेकवलं. बटण कोणी दाबलेलं नाही, तरी दिवा लागला. राहिलं बटण.

आमच्या गाडीला एअरबॅग नाही, म्हणून त्याने तिथेच स्टिअरिंगवरचं झाकण खोललं. (तुमच्या गाडीला असेल तर हा उद्योग घरी करू नका.) आत एक स्प्रिंग तिरपी होऊन दबलेली, प्लॅस्टिकची एक खुंटी मोडलेली. पत्रा संपर्कापासून जेमतेम केसभर दूर. बंद गाडी उन्हात तापली, प्लॅस्टिक फुगलं, आणि तो केसभर फरकही गेला.

मेकॅनिकने बाबांकडे पाहिलं. "काकाजी, हॉर्नवर एवढा जोर काऊन लावता?"

"वाजतच नाही ना नीट! तीन महिन्यांपासून सांगून राहिलो सगळ्यांना, हॉर्नचा आवाज बसलाय म्हणून. कोणी ऐकते का?"

मेकॅनिक काही तरी बोलणार होता, पण थांबला. "बरोबर आहे काकाजी," एवढंच म्हणाला. स्प्रिंग बदलली, खुंटीची सोय केली. पैसे घेताना मात्र गेटशी मला हळूच म्हणाला, "भाऊ, हॉर्न एकदम चांगला आहे."

मी तिथेच उभा राहिलो. बारा मिनिटं अख्ख्या गल्लीने ज्या हॉर्नला शिव्या दिल्या, तो बाबांना 'बसलेला' वाटत होता, आणि कूलरच्या बाजूला झोपल्यावर 'दूरची वरात'! हॉर्नचं कारण बटण, बटणाचं कारण बाबांचा अंगठा, आणि अंगठ्याचं कारण त्यांचे कान. मेकॅनिकला वीस मिनिटांत कळलं. मला तीन वर्षांत कळलं नाही.

तीन वर्षं म्हणतो, कारण नंतर एकेक आठवायला लागलं. टीव्हीचा आवाज. "तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता" ही तक्रार. आणि पुण्याहून मी रविवारी फोन करायचो तो. दोन वाक्यं झाली की बाबा म्हणायचे, "घे, आईशी बोल." मला वाटायचं, वय झालं, आता यांना माझ्याशी बोलण्यात रस उरला नाही. थोडा रागही यायचा. त्यांना माझं बोलणं ऐकूच येत नव्हतं, आणि चारदा "काय म्हणालास?" विचारायला नको म्हणून ते फोन देऊन टाकत होते. घरातही त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं की आम्ही सगळे एकच उत्तर द्यायचो, "काही नाही."

रात्री झोप येईना म्हणून हॉर्नचा इतिहास वाचत बसलो. मोटारींचा प्रसिद्ध विजेचा हॉर्न, क्लॅक्सन, १९०८च्या सुमारास बाजारात आला. तो काढला अमेरिकेतल्या मिलर रीस हचिसन या माणसाने. आणि याच माणसाने त्याच्या दहाएक वर्षं आधी विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं होतं! तेव्हाचे लोक थट्टेने म्हणत, की आपली श्रवणयंत्रं खपावीत म्हणूनच याने हॉर्न काढला. एरवी मी हसलो असतो.

आता बाबांना सांगायचं कसं? 'तुम्हाला ऐकू येत नाही' म्हटलं असतं तर संपलंच. बाबा भूमी अभिलेख खात्यात मोजणीला होते. दोन भाऊ बांधावरून भांडत असले की त्यांचं एक ठरलेलं वाक्य, 'मोजल्याशिवाय बोलू नये'. संध्याकाळी अंगणात पाणी मारून झाल्यावर मी त्यांच्या शेजारी बसलो. आदल्या दुपारी खरं काय झालं होतं ते सांगितलं. बारा मिनिटं, खिडक्या, काकांचा पाना, आणि आम्ही हसलो ते का, हेही. मग म्हणालो, "बाबा, हॉर्न मोजला, रिले मोजला, बटण मोजलं. एकच गोष्ट मोजायची राहिली."

ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले. मला वाटलं, दुखावले. दुखावले होतेच. दोन दिवस कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "कधीची वेळ घेतली?"

कानाच्या डॉक्टरांकडे एका बंद खोलीत तपासणी झाली. हेडफोनमध्ये बारीक सूर येतात, ऐकू आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेरून पाहत होतो. सूर चालू असायचे आणि बाबा बटण हातात धरून तसेच बसलेले असायचे. ते दृश्य मला अजून विसरता येत नाही.

त्या तपासणीचा एक आलेख मिळतो. डावीकडे जाडे सूर, उजवीकडे बारीक, आणि रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. बाबांनी तो हातात घेतला, चष्मा सरकवला आणि नकाशा वाचावा तसा वाचला. "पश्चिमेकडून पूर्वेकडे चांगलाच उतार आहे." डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, वयाबरोबर बहुतेकांचे बारीक सूर आधी जातात. स, श, फ ही व्यंजनं त्या पूर्वेच्या उतारावरची. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात, म्हणून समोरचा तोंडातल्या तोंडात बोलतोय असं वाटतं. बाबांचा तर पश्चिमेचा भागही बराच खाली गेला होता. हॉर्नचा सूर तिथलाच.

दोन्ही कानांना यंत्रं बसवली. जादू झाली असं मुळीच नाही. पहिले काही दिवस ते वैतागले होते. भांड्यांचा आवाज, वर्तमानपत्राची सळसळ, सगळंच अंगावर येतं म्हणायचे. पहिल्या दुपारी कूलर लावला तर म्हणाले, "हा एवढा आवाज करतो?" मग यंत्रं काढून ठेवली आणि झोपले. चार माणसं एकदम बोलायला लागली की अजूनही गोंधळ होतो.

कमी ऐकू येणाऱ्याने गाडी चालवू नये असा काही सरसकट कायदा नाही, आणि मीही त्यांना किल्ली मागितली नाही. त्यांनी स्वतःच ठरवलं, यंत्रं लावल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही आणि रात्री रिंग रोडला जायचं नाही. ठरवल्यावर गाडीत जाऊन बसले आणि सवयीने अंगठा जोरात दाबला. पों! स्वतःच दचकले. समोरच्या काकांच्या खिडकीकडे बघत मला म्हणाले, "तीन महिने मी असा वाजवत होतो? आणि कोणी काही बोललं नाही?"

"बोलले असतील बाबा," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

असो. पुण्याला परत आल्यावर पहिल्या रविवारी फोन केला. पाऊस कधी येणार, समोरच्या काकांनी आंबे पाठवले, गाडीचं सर्व्हिसिंग झालं, असलंच सगळं. पाचेक मिनिटांनी सवयीने मीच म्हणालो, "द्या, आईला द्या."

"थांब ना. काय घाई आहे? ऐकून राहिलो ना मी."

सत्तावीस मिनिटं बोललो.