बांधाच्या अलीकडून : माएदा शिन्झो यांना अनावृत पत्र

आदरणीय माएदा शिन्झो यांस,


१९९८ साली तुम्ही गेलात. त्यानंतर होक्काइडोतल्या बिएईच्या टेकड्यांवर जे घडलं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण आपल्या फोटोंनी या टेकड्यांकडे जगाची नजर वळवलीत ती तुम्ही.

१९७१ मध्ये क्यूशूच्या दक्षिण टोकापासून होक्काइडोच्या उत्तर टोकापर्यंत फोटो काढत निघालात, तेव्हा तुम्ही पन्नाशीला टेकला होतात, व्यापारी कंपनीतली नोकरी मागे टाकलेली होती. त्या प्रवासात बिएई आणि कामिफुरानोची शेतं दिसली आणि तुमचं पुढचं आयुष्य तिथे गुंतलं. तिथे ना प्राचीन देऊळ होतं, ना आखीव बाग, ना साकुराची, म्हणजे चेरीच्या झाडांची, रांग. होता तो बटाटा, गहू, बीट. बटाट्याच्या शेताला तुम्ही निसर्गदृश्याचा मान दिलात. तुमच्या कुठल्याही एका फोटोपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. तरी एक फोटो डोळ्यांपुढून हलत नाही : वर दाटून आलेलं काळंकुट्ट आभाळ आणि खाली लाल पिकलेला गहू. असा उजेड क्षणभरच मिळतो. तो तुम्हाला मिळाला, कारण ऋतूमागून ऋतू तुम्ही तिथे परत जात राहिलात. १९८७ मध्ये बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत तुम्ही ताकुशिन्कान हे चित्रदालन उघडलंत आणि स्वतःचं काम या गावाच्याच स्वाधीन केलंत.

त्या टेकड्या गोधडीसारख्या दिसतात त्यामागे पिकांची फेरपालट आहे. एकाच जमिनीत वर्षानुवर्षं बटाटा घेतला तर रोग माजतो, म्हणून शेतकरी गहू, बटाटा, बीट, कडधान्यं आलटून पालटून लावतो. यंदा जिथे सोनेरी पट्टा आहे तिथे पुढच्या वर्षी बटाट्याची पांढरी-जांभळी फुलं असतील. उताराचा बाक ज्वालामुखीच्या राखेनं घडवला हे खरं, पण रंग दरवर्षी माणूस भरतो, ट्रॅक्टरवर बसून.

दरम्यान या टेकड्यांवरची झाडंही प्रसिद्ध होत गेली. १९७२ मध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत दिसलेला पॉप्लर ‘केन आणि मेरीचं झाड’ झाला. १९७६ मध्ये सिगारेटच्या पाकिटावर छापलेला ओक ‘सेव्हन स्टार्सचं झाड’ झाला. आणि एका शेतात, मान कलती करून विचारात पडल्यासारखा उभा असलेला म्हातारा पॉप्लर होता. त्याला लोक ‘तेत्सुगाकु नो कि’, तत्त्वज्ञानाचं झाड, म्हणू लागले. त्याच्या जवळ जाण्यासाठी माणसं पिकात शिरू लागली. फलक लावले, विनवण्या झाल्या. शेवटी फोटो काढू नका हे सांगण्यासाठी शेतकऱ्यानं त्या बुंध्यावरच रंगानं मोठी फुली मारली. तरीही पावलं थांबली नाहीत. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यानं ते झाड पाडलं. झाड थकलंही होतं, पण ते मोडून पडेपर्यंत वाट पाहायची ताकद त्या माणसात उरली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सेव्हन स्टार्सच्या झाडाजवळची सुमारे ४० बर्च झाडांची रांगही तोडली गेली. तिथे गर्दी आवरेना आणि पिकावर सावलीही पडत होती.

‘दोन पावलं आत गेलं तर काय बिघडतं?’ असं विचारणारे खूप भेटतात. बुटाच्या तळाला चिकटलेल्या मातीतून बटाट्याचे सूत्रकृमी एका शेतातून दुसऱ्यात जातात, आणि एकदा शिरले की त्या जमिनीतून त्यांना हुसकणं महाकठीण. हिवाळ्यात तर फसगत सोपी असते. पांढरंशुभ्र, रिकामं वाटणारं माळरान, पण त्या बर्फाखाली सप्टेंबरात पेरलेला गहू असतो. वरचा बर्फ तुडवून घट्ट झाला की खालच्या रोपाला थंडी बाधते, आणि ते नुकसान दिसतं वसंतात, फोटो काढणारा केव्हाच घरी पोचल्यावर.

माएदा-सान, एक गोष्ट आदर राखूनच म्हणतो. तुमच्या चित्रांत माणूस क्वचितच येतो. टेकडी, ढग, प्रकाश यांच्याखेरीज दुसरं काही नको होतं तुम्हाला, आणि त्या निवडीमुळेच ती चित्रं इतकी निर्मळ झाली. पण तुम्हाला ते शेत कुणाचं आहे हे ठाऊक होतं. पाहणाऱ्याला मात्र ती जमीन कुणाचीच नाही असं वाटलं, आणि कुणाची नसलेल्या जमिनीत शिरायला कोण कचरतो? दोष तुमचा नाही. निसर्गाचं छायाचित्रण करणाऱ्या आम्हा सगळ्यांचाच हा वसा होऊन बसला आहे : चौकटीतून तार काढायची, खांब काढायचा, राबणारा माणूस काढायचा. मग फोटोंसाठीची गर्दी रोखायला फुजी पर्वतासमोरच्या एका दुकानापुढे २०२४ मध्ये काळा पडदा लावायची पाळी येते, क्योतोच्या गिओनमधल्या खाजगी गल्ल्यांत शिरणाऱ्यांसाठी दंडाची पाटी लागते, आणि जो तो पर्यटकांना बोल लावून मोकळा होतो. चौकट कशी लावायची हे त्या पर्यटकांना आम्हीच शिकवलं ना?

आता बिएईतल्या काही शेतकऱ्यांनी शेताकडेला स्वतःची ओळख सांगणारे फलक उभे केले आहेत. फोनवर कोड टिपला की शेतकऱ्याचा चेहरा, त्याचं पीक, त्याचं म्हणणं समोर येतं. मला हा उपाय कुंपणापेक्षा फार आवडतो. महाराष्ट्रातूनही आता सहली साकुराच्या दिवसांत जपानला जातात, हौशी छायाचित्रकार होक्काइडोपर्यंत पोचतात. त्यांना माझी विनंती आहे, बांधाच्या अलीकडे, डांबरी रस्त्यावरच उभे राहा. लांब पल्ल्याची लेन्स जवळ ठेवा. आणि ट्रॅक्टर आला तर तो निघून जायची वाट पाहू नका, त्याला चौकटीत येऊ द्या.

तुमच्या दालनात येणारी तरुण मुलं तुमचा प्रकाश शिकायला येतात. ती शेतंही शिकून जावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. या वर्षी कुठल्या उतारावर काय पेरलंय, हे आधी शेतकऱ्याला विचारावं, मग कॅमेरा उघडावा.

आपला,
एक मराठी छायाचित्रकार