चांदणी लावलेली पुस्तकं

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये जुना कॉम्प्युटर म्हणजे चार वर्षांपूर्वीचा लॅपटॉप. सत्तावीसाव्या मेनच्या आसपास इमारती-इमारतींत स्टार्टअप आहेत. एखादी कंपनी मोठी झाली किंवा बंद पडली की तिथलं सामान गठ्ठ्यानं भंगारात जातं. माझ्या फ्लॅटमध्ये मात्र २८६ प्रोसेसरचा एक पीसी-एटी आहे, जाड पत्र्याच्या खोक्याचा, पिवळट पडलेल्या कीबोर्डचा. तो बेळगावहून आला. सीमाभागातल्या एका गावच्या मराठी ग्रंथालयाची सूची त्यावर आहे आणि ती माझ्या मामानं नोकरी सांभाळून, संध्याकाळी बसून भरली होती. ग्रंथालयाची जागा बदलली तेव्हा मशीन मामाच्या माळ्यावर गेलं. माळा आवरायला काढल्यावर मामाचा फोन आला, "तुझ्या कामाचं असलं तर घेऊन जा. भंगारवाल्याला मी शनिवारी बोलावलंय."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी करते. सोल्डरिंगची सवय नव्हती. ती आमच्याच मजल्यावरच्या अंकलना होती. ते दूरवाणीनगरच्या आयटीआय या टेलिफोन कारखान्यातून निवृत्त झालेले, टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डांवर आयुष्य काढलेले. मी बेळगावची, त्यामुळे आमचं बोलणं कन्नडमध्ये चालतं. मी उत्साहानं प्लग लावायला निघाले तर त्यांनी हात धरला. "सोल्प तडियम्मा." थांब जरा. तीस वर्षं बंद असलेला पॉवर सप्लाय थेट मशीनला जोडायचा नसतो. आधी तो वेगळा काढून, त्याला दुसरा काही भार देऊन, पाच व्होल्ट आणि बारा व्होल्टच्या तारा मीटरवर तपासायच्या. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर फुगले आहेत का, बघायचं. आमचे दोन फुगलेले निघाले. नवे एसपी रोडवर मिळाले. बंगळूरच्या त्या गल्ल्यांत अजून सुटा कपॅसिटर मागितला तर दुकानदार चेहऱ्याकडे न बघता डबा पुढे सरकवतो, याचा मला फार आनंद होतो.

खरं नुकसान मदरबोर्डच्या कोपऱ्यात होतं. त्या काळच्या बोर्डांवर निकेल-कॅडमियमची एक छोटी गोल बॅटरी असायची, मशीन बंद असताना घड्याळ आणि सेटिंग जपायला. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खातो. अंकलनी बॅटरी कापून काढली, हिरवा थर व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसला आणि भिंगातून बघत तुटलेल्या तीन रेषांवर केसाएवढी तार टाकली. बॅटरीच्या जागी पेन्सिल सेलचा पॅक बाहेरून जोडला, मध्ये एक डायोड घालून. नाहीतर बोर्ड त्या साध्या सेलनाच चार्ज करू बघतं.

मशीन उठलं, पण हार्ड डिस्क सापडेना. सेटिंग पुसलं गेल्यानं कोणती डिस्क जोडली आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. आजची डिस्क स्वतःची ओळख स्वतः सांगते. ती जुनी डिस्क गप्प असते, तिची माहिती माणसानं भरायची. आमची निघाली सीगेटची एसटी-२२५. ६१५ सिलिंडर, ४ हेड, प्रत्येक ट्रॅकवर १७ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला तर २ कोटी १४ लाख बाइट होतात, म्हणजे आज मोबाइलवर काढलेले पाच-सहा फोटो. सेटअपमध्ये हिला 'टाइप २' म्हणतात. तो आकडा भरला, आणि आतली स्टेपर मोटर हेड सरकवत टरटरली. अंकल टाळी वाजवून हसले. पडद्यावर तारीख होती १ जानेवारी १९८०. घड्याळ हरवलेलं प्रत्येक डॉस मशीन त्याच दिवशी जागं होतं.

आधी कमीत कमी सामानावर मशीन चालवून पाहायचं, हा अंकलचा नियम. त्यामुळे आत एका स्लॉटमध्ये बसवलेलं लांबलचक जादा कार्ड आम्ही काढून बाजूला ठेवलं होतं. डिस्कवर ग्रंथालयाची फाइल दिसली. मी ती 'टाइप' हुकमानं पडद्यावर आणली आणि पडदा रेषांनी भरला. आडव्या दुहेरी रेषा, उभ्या रेषा, चौकटींचे सुटे कोपरे, मध्येच भरीव ठोकळा, मध्येच ग्रीक फाय, सिग्मा. फाइल खराब झाली असं कुणीही म्हटलं असतं. मी एक ओळ उतरवून घेतली: ══┌┬█. प्रत्येक चिन्हामागचा आकडा काढला. २०५, २०५, २१८, १९४, २१९.

हे आकडे मला ओळखीचे होते, कारण आमच्या कंपनीत जुन्या भारतीय मजकुराचं रूपांतर करणारा एक प्रोग्रॅम मी तपासला होता. हे इस्की होतं, भारतीय लिप्यांचं प्रमाणित संकेतन. त्याचं १९९१चं रूप भारतीय मानक आयएस १३१९४ म्हणून आहे. त्यात २०५ म्हणजे य, २१८ म्हणजे काना, १९४ म्हणजे त, २१९ म्हणजे पहिली वेलांटी. य, य, काना, त, वेलांटी: ययाति.

घोळ कुठे होता ते लगेच उमगलं. एका बाइटमध्ये २५६ आकडे मावतात. पहिले १२८ इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांना गेलेले. वरच्या अर्ध्यात आयबीएमनं डॉसच्या पडद्यासाठी चौकटी आखायच्या रेषा बसवल्या होत्या, १७६ ते २२३ पर्यंत. आपल्याकडच्या लोकांनी त्याच वरच्या अर्ध्यात आपली मुळाक्षरं बसवली. त्यामुळे साध्या मशीनला क दिसतो तो उभी रेघ म्हणून, ओकार सिग्मा म्हणून, पाय मोडल्याची खूण फाय म्हणून. फाइल शाबूत होती. ती वाचणारा अवयव आम्ही काढून टेबलावर ठेवला होता.

ते लांब कार्ड म्हणजे सी-डॅकचं जिस्ट कार्ड. त्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि मराठी माणसाला ती माहीत असावी असंही वाटतं. आयआयटी कानपूरला देवनागरी संगणकावर काम सुरू झालं. १९८३ साली दिल्लीत भरलेल्या विश्व हिंदी संमेलनात तिथला देवनागरी टर्मिनल लोकांनी पाहिला. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर मोहन तांबे यांच्या गटानं हे काम तिथे पुढे नेलं. सी-डॅक म्हटलं की बहुतेकांना परम महासंगणक आठवतो, आणि तो १९९१चा परम ८००० अभिमानाचाच होता. पण तालुक्याच्या गावी एखाद्या कारकुनाला, ग्रंथपालाला परमचा स्पर्श कधी झाला नाही. जिस्ट कार्डाचा झाला. परदेशात, परदेशी भाषेसाठी लिहिलेला वर्डस्टार, डीबेस, लोटस, यांतला कोणताही प्रोग्रॅम न बदलता हे कार्ड त्याला मराठी लिहायला लावायचं. प्रोग्रॅमच्या लेखी ते नुसते बाइट. कार्ड ते बाइट पाहून जोडाक्षर जुळवायचं, वेलांटी उचलून अक्षराच्या आधी नेऊन ठेवायचं, रफार वर चढवायचं.

दुसऱ्या रविवारी कार्डाचे सोनेरी दाते खोडरबरानं घासून ते पुन्हा स्लॉटमध्ये बसवलं. त्याच्या रॉम चिपांच्या काचेच्या खिडक्यांवर कागदी चिकटपट्ट्या होत्या. उजेडातल्या अतिनील किरणांनी चिपमधलं पुसलं जातं, म्हणून त्या कधी सोलायच्या नसतात. कार्डाचा प्रोग्रॅम डिस्कवरच होता. तो चालवला, डीबेस उघडलं, त्याच्या प्रसिद्ध टिंबापुढे 'यूज' आणि 'लिस्ट' असे दोन हुकूम दिले. ठसठशीत देवनागरीत ग्रंथालय उलगडत गेलं. ययाति, वि. स. खांडेकर. स्वामी, रणजित देसाई. वंशवृक्ष, भैरप्पा, अनुवाद उमा कुलकर्णी. मला रडू आलं. अंकल काही बोलले नाहीत, त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

त्यांना देवनागरी वाचता येते, पण सावकाश. तेव्हा मी कार्डाची लिपी बदलून कन्नड केली. फाइलला हात लावावा लागत नाही, भाषांतर तर नाहीच. इस्कीत क हा क असतो, मग तो देवनागरीत दाखवा, कन्नडमध्ये दाखवा की गुजरातीत; आकडा १७९च. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या लिप्या एकाच वर्णमालेची रूपं आहेत, हे शाळेत वाचलेलं वाक्य त्या लोकांनी तक्त्यात उतरवलं होतं. तीच यादी गोलाईदार कन्नड अक्षरांत पडद्यावर आली आणि अंकल मोठ्यानं, झरझर वाचू लागले. "ययाति! कार्नाड?" मी म्हटलं, नाही अंकल, ही खांडेकरांची कादंबरी, १९५९ची, कार्नाडांचं नाटक त्यानंतर आलं. पुढे त्यांना तुघलक दिसलं, तेंडुलकरांनी मराठीत आणलेलं, तेव्हा ते खूश झाले. मग त्यांनी मराठी नावं वाचतच ठेवली, अर्थ लागो न लागो.

सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे दृश्य सोपं नाही. दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, यावरून काय काय होतं ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. आणि इथे माझ्या मामानं मराठीत भरलेली यादी एक कन्नड गृहस्थ त्यांच्या लिपीत वाचत होते, आणि तिच्यातलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

यादीतल्या काही नोंदींच्या आधी चांदणी होती. डीबेसमध्ये नोंद 'डिलीट' केली की ती पुसली जात नाही. ओळीच्या सुरुवातीचा एक बाइट फक्त बदलतो, रिकाम्या जागेचा ३२ जाऊन तिथे चांदणीचा ४२ येतो. 'रिकॉल' म्हटलं की चांदणी जाते. 'पॅक' म्हटलं तरच फाइल नव्यानं लिहिली जाते आणि चांदणीवाल्या नोंदी कायमच्या जातात. मामाला फोन लावून विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या वर्षी पावसात मागच्या खोलीचं छप्पर गळलं. भिजून लगदा झालेल्या पुस्तकांना चांदणी लावली. समितीनं नोंदी काढून टाका म्हटलं होतं. मी पॅक दिलं नाही. पैसे आले की पुन्हा घेऊ, असं मनात होतं." फाइलच्या माथ्यावर शेवटच्या बदलाची तारीख असते, तिच्यात वर्षाचा आकडा ९५ आहे. मामाला तेही वर्ष बरोबर आठवत होतं.

जुन्या मशीनचं फक्त 'महत्त्वाचं तेवढं' काढून घेऊन बाकीचं फेकावं, असं मला बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. डिस्क काढून घेतली असती आणि कार्ड फेकलं असतं तर हातात रेषा उरल्या असत्या. यादी नुसत्या नावांपुरती कागदावर छापून ठेवली असती तर चांदण्या दिसल्या नसत्या. पुढच्या पिढीचं तर याहून अवघड आहे: विंडोजच्या काळात पुण्याच्या श्री-लिपीनं, बंगळूरच्या आकृतीनं मराठी छपाई सोपी केली, पण त्यांत संकेतन अक्षराच्या आकाराला असायचं, त्यामुळे तो फाँट नसला की मजकूर अडतो. छापखान्यांच्या कपाटांत अशा किती सीडी पडून असतील या विचारानं मला अस्वस्थ व्हायला होतं.

फाइल लॅपटॉपवर आणायला आम्ही सीरियल पोर्ट आणि अंकलच्या फ्लॉपीवरचा कर्मिट प्रोग्रॅम वापरला. सेकंदाला जेमतेम ९६० बाइट, पण एकही गळला नाही. मग युनिकोडमध्ये रूपांतर. युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्कीवरूनच बेतलेला असल्यानं बहुतेक अक्षरं सरळ गेली. थांबावं लागलं ते 'वाऱ्यावरची वरात'पाशी. त्यातला अर्धा ऱ मामानं व्यवस्थित २०८ आणि २३२ असा टाकला होता, म्हणजे टिंब असलेला ऱ आणि त्याचा पाय मोडलेला. मी तपासलेल्या एका प्रोग्रॅमनं त्याचा साधा र करून 'वार्यावरची' केलं असतं. ती ओळ मी हातानं लिहिली. युनिकोडचा तक्ता उघडा होता, अंकलनी कन्नडच्या पानावर त्याच ठिकाणी बोट ठेवलं. तिथे हळेगन्नडातलं, आता वापरातून गेलेलं एक अक्षर आहे. शाळेत पंपकवीच्या धड्यात भेटायचं, म्हणाले.

ग्रंथालयाला नवी यादी पाठवली आहे. चांदणीवाली पुस्तकं तिच्यात वेगळ्या रकान्यात आहेत, म्हणजे कुणाला ती विकत घेऊन द्यायची असतील तर नावं हाताशी राहतील. राहिली ती देवघेवीची फाइल: कोणी कोणतं पुस्तक कधी नेलं. ती डॉसच्या 'बॅकअप' हुकमानं तीन फ्लॉपींवर तोडून ठेवलेली आहे आणि ओळीनं तिन्ही मिळाल्याशिवाय पूर्ण जुळत नाही. मामाच्या अक्षरातली १ आणि २ मिळाली, ३ नाही. ती ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात असेल असं मामा म्हणतो, तो पुढच्या आठवड्यात जाऊन बघणार आहे. तोवर पहिल्या दोन फ्लॉपींची बुरशी काढून त्यांची प्रत घ्यायचं काम अंकलनी हाती घेतलं आहे.