‘ध’ चा ‘मा’

हिमॅग्लुटिनिन! उच्चारतानाच मान मोडायची पाळी. कोंबडीच्या रक्तपेशी इन्फ्लुएंझाच्या विषाणूमुळे एकमेकींना चिकटतात, हे १९४१ साली जॉर्ज हर्स्ट यांना दिसलं. त्यावरून हे नाव. मी कला शाखेचा विद्यार्थी. या प्रथिनाच्या वाटेला मी का गेलो, ते पुढे येईलच.

विषाणूच्या अंगावर या प्रथिनाचे काटे असतात. विल्सन, स्केहेल आणि वायली यांनी १९८१ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उकलली. तीन सारखे भाग एकमेकांना बिलगून उभे, वर तीन गोलसर डोकी. उंची साडेतेरा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले साडेतेरा! प्रत्येक डोक्यावर एक उथळ खळगी. आपल्या श्वासमार्गातल्या पेशींवर शर्करांच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सायॅलिक आम्ल. ते या खळगीत बसतं. एका खळगीची पकड ढिलीच. पण पुष्कळ काट्यांनी एकदम धरलं की सुटका नाही. मग पेशी आपण होऊनच पाहुण्याला आत घेते.

खरी मेख सांध्यात आहे. सायॅलिक आम्ल शेजारच्या शर्करेला तिसऱ्या कार्बनपाशी जोडलेलं असेल, तर ते पाखरांच्या विषाणूला मानवतं. सहाव्यापाशी असेल तर माणसांच्या. आपल्या घशा-नाकात हा दुसरा सांधा अधिक. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि ही माळ साडेपाचशेच्या आसपास मण्यांची. १९१८ च्या विषाणूतले त्यातले फक्त दोन मणी शास्त्रज्ञांनी पाखरी वळणाचे करून पाहिले. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला विषाणू पूर्वीसारखाच मारत होता, पण एकाकडून दुसऱ्याकडे हवेतून जाणं थांबलं. दोन मणी!

१९१८ च्या त्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली. माझ्या आजोबांचे वडील तेव्हा चार वर्षांचे. घरातली सगळी गेली, हे पोर तेवढं राहिलं. मामाकडे वाढलं. त्यांच्या आईचं नाव आज आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. गावानं मात्र त्यांना एक नाव दिलं : ‘पांढऱ्या पायाचा’. लग्नकार्यात ते मांडवाबाहेर बसत. म्हातारपणीही, कुणी आग्रह केला तरी.

आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला म्हणतात. ती दंतकथा असेल, पण राग धरायला निदान एक माणूस तरी आहे. इथं कुणीच नाही. विषाणू स्वतःची नक्कल उतरवताना सतत चुकतो, एखादी चूक त्याला फळते, इतकंच. गावाला हे पटलं नसतं. कुणाचे तरी पाय पांढरे असणं त्याला सोयीचं होतं, आणि ते पाय चार वर्षांच्या पोराचे होते.