आयर्विनला किती फूट? आणि आईची पिशवी कुठंय?

पाऊस लागला की आम्हा सांगलीकरांचा एकच प्रश्न : आयर्विनला किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ. तिकडं सातारा जिल्ह्यात कोयनेचा विसर्ग वाढला की इकडं आमची झोप उडते. पण ऑगस्ट २०१९ पासून आमच्या घरात आणखी एक प्रश्न विचारला जातो : "आईची पिशवी घेतली का?"

त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही गावभागातले. "२००५ ला पायरीपर्यंतच आलं होतं, बघू सकाळी" असं म्हणत बसलो आणि रात्रीत निघावं लागलं. कागदपत्रं घेतली, दागिने घेतले, गॅसचं पुस्तक घेतलं. आईच्या गोळ्या आणि फाईल कपाटातच राहिली.

आईच्या हृदयाचे ठोके बेताल पडतात. दोन गोळ्या चालू होत्या. ठोके ताळ्यावर ठेवायला अमिओडेरोन आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन. ही नावं आज सांगतोय. तेव्हा घरातल्या एकालाही येत नव्हती.

मिरजेत पाहुण्यांकडं पोचलो. मेडिकलवाल्यानं विचारलं, "गोळीचं नाव?" आई म्हणाली, "लहान पांढरी." तो म्हणाला, "मावशी, लहान पांढऱ्या माझ्याकडं शंभर आहेत." अंदाजानं त्यानं काही दिलं नाही. तेव्हा राग आला होता, आज त्याचे आभार मानतो. शेजारच्या काकूंनी मायेनं स्वतःची 'हार्टची गोळी' पुढं केली. नशीब, आईनं घेतली नाही.

चार दिवस गोळीविना गेले. पाचव्या दिवशी आईला धडधड आणि दम लागायला लागला. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. रक्त घट्ट झालं होतं. त्यांनी समजावलं की ठोके बेताल असले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पॅरालिसिस. अशा माणसाला हा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो. मी विचारलं, "राहिलेल्या गोळ्या आता एकदम देऊ का?" ते जवळजवळ ओरडलेच, "अजिबात नाही!"

गोष्ट इथं संपली नाही. पूर ओसरल्यावर घरोघरी जुलाब लागले, आईलाही लागले. एका ठिकाणी मेट्रोनिडाझोल लिहून दिलं. आधीची औषधं कोणती चालू आहेत, हे त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. आठवड्यात आईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर काळेनिळे डाग उठले. ही गोळी वॉरफेरिनचा जोर वाढवते. रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआर नावाची तपासणी असते. या आजारात ती बहुतेकांची २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. आईची ६ च्या पुढं गेली होती.

म्हणजे महिन्याभरात औषध कमी पडून एकदा आणि जास्त होऊन एकदा, आम्ही आईला घालवायला निघालो होतो. दोन्ही वेळा कमी काय पडलं? गोळ्यांची नावं लिहिलेला एक कागद.

मी डॉक्टर नाही. पण शिकलो ते सांगतो :

१. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, हे एका कागदावर लिहा. फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर ठेवा.
२. "बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद करू नका. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.
३. ताप, जुलाब, गुडघेदुखी, दाढ, कशासाठीही गेलात तरी आधी तो कागद दाखवा. दुकानातून आपल्या मनानं पेनकिलर नको, काढा-चूर्णही न विचारता नको.
४. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी आयएनआर चुकवू नये. मेथी-पालक सोडायची गरज नाही, पण एकदम जास्त किंवा एकदम बंद असं करू नका. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण त्यांचा असर दिवस-दोन दिवसांत उतरतो. त्या चुकवणं तर आणखी महागात पडतं.
५. अमिओडेरोन चालू असेल तर थायरॉईड आणि लिव्हरच्या तपासण्या वेळच्या वेळी करा. नवा खोकला किंवा दम लागला तर डॉक्टरांना लगेच सांगा.

आता प्रशासनाला एक विनंती. पूरपट्ट्यात बोटी, लाईफ जॅकेट, निवारा केंद्रं यांची तयारी दरवर्षी होते. त्यातच रोज गोळी लागणाऱ्यांची गावनिहाय यादी आशाताईंकडून करून घ्या. निवारा केंद्रात नाव-गाव लिहिताना "औषध कोणतं चालू आहे?" हा एक रकाना वाढवा. आयएनआर तपासणी तालुक्याला मिळू द्या. वाळवा, पलूस, पाटणच्या माणसानं दर महिन्याला एका तपासणीसाठी दिवसाची मजुरी का बुडवायची?

आईची प्लॅस्टिकची पिशवी आता दाराच्या खिळ्याला असते. त्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स आणि तो कागद. जून उजाडला की आई स्वतः ती उघडून तारखा बघते.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर आज रात्री जेवणाआधी एवढं एक काम करा. आणि पूरपट्ट्यातल्या पाहुण्यांना हे पाठवा.