कृष्णाकांठीं कोरियन शेवया

माहुलीस वेण्णा आणि कऱ्हाडास कोयना पोटांत घेऊन कृष्णा सांगलीचा घाट गांठते. परवां आम्हीही साताऱ्याहून सांगलीस पुतण्याच्या घरीं गेलों. हळदीच्या या जुन्या पेठेंत मुलांनीं आमच्यापुढें किमचीच्या चवीच्या तयार कोरियन शेवया ठेवल्या.

किमची म्हणजे कोबी मिठांत मुरवून, मिरची, लसूण व आलें लावून आंबविलेलें लोणचें. त्यांत पुष्कळदां माशांचा रसही असतो. म्हणून पाकिटावरील हिरवें चिन्ह पाहूनच आम्हीं वाटी हातीं घेतली. चव आंबट व झणझणीत. परंतु तिला परकी कशी म्हणावी? मिरची मूळची अमेरिका खंडांतील. ती कोरियासही पाहुणी आणि आपणांसही.

कोरियांत हिवाळ्यापूर्वीं आप्त-शेजारी मिळून किमची घालतात. या ‘किमजांग’ प्रथेस युनेस्कोनें २०१३ सालीं मानवी वारशांत स्थान दिलें. आपल्याकडेही उन्हाळ्यांत गव्हले-मालत्यांचें वळवट करावयास साऱ्या जावा-नणंदा अशाच एकत्र बसत. पाकिटांतून चव येते; तो मेळा येत नाहीं. मुलांनीं कोरियन शेवया खुशाल खाव्या; मात्र उन्हाळ्यांत एक दुपार तरी त्यांना आजीच्या पाटाशीं बसवावें, एवढेंच वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें.