समुद्रांतला गलबला

आम्हांस कमी ऐकूं येतें, हें आमच्या मंडळींनीं आमच्या आधीं दोन वर्षें ओळखलें होतें. आम्ही मात्र हल्लीं माणसेंच पुटपुटूं लागलीं आहेत, असें समजत होतों. अखेर कानाच्या डॉक्टरांनीं कागदावर एक उतरती रेघ काढून दाखविली, आणि वादाचा निकाल लागला. ते म्हणाले, “तुम्हांला आवाज ऐकूं येतो, शब्द ऐकूं येत नाहींत.” तें अगदीं खरें होतें. नातू एकटा बोलत असला तर त्याचें सारें बोलणें कळतें. पण स्वयंपाकघरांत मिक्सर फिरूं लागला, कीं त्याचे ओठ तेवढे हालतांना दिसतात. अशा वेळीं आम्ही हंसून मान डोलावितों. एकदां अशी मान डोलावून आम्ही त्यास सायकल कबूल करून बसलों! हल्लीं पंगतींत आम्ही फारसें बोलतच नाहीं. घरांतलीं माणसें समजतात, आम्ही रुसलों.

एका आवाजानें दुसरा झांकला जावा, ही आपत्ति आपल्यापुरतीच, असें आम्हांस वाटे. पुढें देवमाशांविषयीं वाचनांत आलें. देवमासा हा नांवाचाच मासा. तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी. पाण्यांत उजेड थोड्याच खोलीपर्यंत पोंचतो. आवाज मात्र सेकंदाला सुमारें १५०० मीटर धांवतो. त्यामुळें पिलास हांक मारणें, जोडीदार शोधणें, सारा संसार कानांवर चालतो. आणि जहाजांच्या पंख्यांची घरघर नेमकी मोठ्या देवमाशांच्या खर्जाच्या पट्टींत पडते!

मार्च २००० मध्यें बहामा बेटांच्या किनार्‍यास १७ प्राणी लागले, बहुतेक चोंचवाले देवमासे. मेलेल्यांपैकीं कांहींच्या कानांभोंवतीं रक्तस्राव आढळला, आणि अमेरिकन आरमाराच्या सोनारवर खुद्द तेथील सरकारच्या चौकशींतच ठपका आला. अशा अनर्थाची वार्ता होते. रोजच्या घरघरीची कोण करणार?

ती केली फंडीच्या उपसागरानें. कॅनडाच्या पूर्वेकडील या उपसागरांत उन्हाळ्यांत राइट व्हेल नांवाचे देवमासे येत असत. मारण्यास सोयीचा म्हणून शिकार्‍यांनीं त्यास ‘योग्य’ ठरविलें, व तेंच नांव टिकलें, असें सांगतात. आज उत्तर अटलांटिकांत ते चारशेंहूनही कमी उरले आहेत. २००१ सालीं कांहीं शास्त्रज्ञ त्यांची विष्ठा गोळा करीत होते. (जेवतांना वाचणार्‍यांची क्षमा असावी.) तींत शरीरावरील ताण सांगणारें संप्रेरक सांपडतें. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्यें तो हाहाकार झाला, जहाजांची ये-जा एकाएकीं मंदावली. पाण्यांतील आवाज सहा डेसिबल उतरला, म्हणजे त्याची शक्ति चौथाईवर आली. आणि विष्ठेंतलें संप्रेरकही उतरलें. पुढील वर्षांत त्याच हंगामांत तसा उतार दिसला नाहीं. हा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. एका घटनेवरून सिद्धांत बांधूं नये, हें आम्हांस कळतें. पण ती शांतता झाली नसती, तर हे प्राणी इतका ताण सोशीत आहेत, हें कुणास कळलें असतें?

याच जातीचे देवमासे पूर्वीपेक्षां चढ्या पट्टींत हांका मारूं लागले आहेत, असेंही आढळलें आहे. आमच्याशीं बोलतांना सूनबाईंचा आवाज असाच चढतो. आम्ही इतके दिवस त्यास राग समजत होतों.

फंडींत जहाजें अर्थातच परत आलीं. वेग कमी करून व पंख्यांची घडण बदलून त्यांचा आवाज उतरवितां येतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें २०१४ सालीं तशा सूचनाही काढल्या. पण त्या पाळणें न पाळणें ज्याच्या त्याच्या खुषीवर.

परवां रात्रीं वीज गेली. मिक्सर, पंखा, टीव्ही, सारेंच एकदम थांबलें. सायकल निळी घ्यावयाची कीं तांबडी, याविषयीं नातू अंधारांत आपल्या आजीशीं हळूच बोलत होता. आम्हांस शब्दन्‌शब्द ऐकूं आला.