ऊन आणि यकृत

रोगांतही मनुष्य आवडनिवड करतो, असें म्हटलें तर वाचकांस कदाचित् नवल वाटेल. पण कांहीं आजार चारचौघांत सांगतां येतात व कांहीं सांगतां येत नाहींत, हा अनुभव कोणास नाहीं? मधुमेही गृहस्थ पंगतींत जिलबी नाकारतांना आपला रोग मोठ्यानें सांगतो. क्षयाची मात्र घरांतल्या घरांत कुजबूज चालते.

आमच्या एका स्नेह्यांच्या रक्तांत एकाच तपासणींत दोन गोष्टी आढळल्या. हिपॅटायटिस बी या विषाणूनें यकृतांत जुनें ठाणें दिलें होतें, आणि ड जीवनसत्त्व फारच कमी होतें. पहिली गोष्ट त्यांनीं घराबाहेर जाऊं दिली नाहीं. दुसरी साऱ्या आळीस सांगितली. कांहीं महिन्यांनीं वहिनी आम्हांस हळूच म्हणाल्या, "भावोजी, यांनीं यकृताची गोळी सोडली आहे. नुसती ती साठ हजारांची पुडी घेतात. म्हणतात, मूळ दुखणें उन्हाच्या उणिवेचेंच आहे. तुम्ही तरी सांगून पाहा." सांगावयाचें तर आधीं समजून घेतलें पाहिजे, म्हणून आम्हीं या विषयाचें वाचन आरंभिलें.

स्नेह्यांची समजूत अगदींच निराधार नव्हती. कातडीवर ऊन पडलें म्हणजे ड जीवनसत्त्व शरीरांतच तयार होतें. पण तें कच्चें असतें. त्यावर पहिला संस्कार यकृतांत होतो व दुसरा मुख्यत्वें मूत्रपिंडांत. तेव्हां कोठें तें उपयोगी पडतें. मुडदुसाशीं त्याचा संबंध १९१९ च्या सुमारासच उमगूं लागला होता. रोगप्रतिकाराशीं असलेला संबंध मात्र पुष्कळ उशिरां कळला. २००६ सालीं असें दिसून आलें कीं, क्षयजंतूंची चाहूल लागतांच भक्षक पेशी हा दुसरा संस्कार स्वतःच करतात व त्याच्या बळावर कॅथेलिसिडिन नांवाचें जंतुनाशक द्रव्य निर्माण करतात. टी पेशींचा आवेश आवरण्याचा गुणही या जीवनसत्त्वांत आढळतो. आतां जुनाट हिपॅटायटिसमध्यें यकृताची नासधूस विषाणूपेक्षां त्यावर धावून जाणाऱ्या आपल्याच पेशींच्या हातून अधिक होते. तेव्हां या द्रव्यापासून आशा वाटावी हें साहजिकच होतें.

पुरावेही तसेच येऊं लागले. २०१० सालीं इटलींतील संशोधकांना हिपॅटायटिस सीच्या रोग्यांत ड जीवनसत्त्व कमी व यकृताचा कठीणपणा जास्त, अशी जोडी दिसली. २०११ सालीं इस्राएलमध्यें ७२ रोग्यांवर एक प्रयोग झाला. नेहमींच्या औषधांस ड ची जोड मिळालेल्यांत विषाणू अधिक जणांच्या अंगांतून गेला. २०१३ सालीं हिपॅटायटिस बीच्या जर्मन रोग्यांतही, ड कमी तेथें विषाणू जास्त, असें आढळलें.

परंतु जोडी आढळली म्हणजे कार्यकारणभाव ठरला, असें नव्हे. पाऊस आणि छत्र्या एकदमच दिसतात. म्हणून छत्री मिटल्यानें पाऊस थांबत नाहीं. पहिला संस्कार यकृतांतच व्हावयाचा, आणि हें द्रव्य रक्तांतून वाहून नेणारें प्रथिनही यकृतानेंच घडवावयाचें. मग यकृत खंगलें तर आंकडा उतरणारच. शिवाय आपल्या उन्हाच्या देशांत निरोगी माणसांतही हा आंकडा सर्रास खालीं असतो. पुढील प्रयोगांत आरंभीचें यश सारखें टिकलें नाहीं. साऱ्या प्रयोगांचा एकत्र विचार करणाऱ्या २०१७ व २०२१ च्या कॉक्रेन समीक्षांनाही लाभ सिद्ध झालेला दिसला नाहीं. दरम्यान हिपॅटायटिस सी साठीं अशीं औषधें निघालीं कीं, आठ-बारा आठवड्यांत शंभरांपैकीं पंच्याण्णवांहून अधिक रोगी बरे होतात. हिपॅटायटिस बी तसा समूळ जात नाहीं; तो गोळीनें दबून राहतो, आणि गोळी परस्पर सोडली तर एकाएकीं उसळून जिवावरही बेततो.

हें सर्व आम्हीं स्नेह्यांपुढें मांडलें. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरें सांगूं? ऊन कमी पडलें म्हटलें तर लोक हंसून सोडून देतात. दुसरें नांव घेतलें तर पेला वेगळा ठेवतात." यावर आमच्यापाशीं शास्त्राचें उत्तर होतें: हा विषाणू रक्तानें, शरीरसंबंधानें व जन्मतः आईकडून पसरतो, पेल्यानें किंवा पंगतीनें नव्हे. पण त्यांच्या दुःखास तें उत्तर पुरेसें नव्हतें, हें आम्हांस दिसत होतें.

तरी डॉक्टरांकडे ते आले. डॉक्टरांनीं पुडी हाडांसाठीं बेतानें चालूं ठेवली व गोळी लगोलग सुरू केली. मग विचारलें, "घरांतल्या इतरांचें रक्त तपासलें काय?" कोणाचेंच तपासलेलें नव्हतें, न सांगितलेल्या रोगाची तपासणी कोण करणार? वहिनींस व मुलांस रोग नव्हता. त्यांना लस टोंचली. धाकट्या भावाच्या रक्तांत मात्र विषाणू सांपडला. त्याचें यकृत अद्याप शाबूत आहे. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तपासणी व औषध विनामूल्य मिळतें. तेथें त्याचें नांव नोंदविलें आहे. वाचकांनीं उन्हांत अवश्य बसावें. पण घरांत कोणास हा रोग असेल तर बाकीच्यांचें रक्त तपासून घेण्यास विलंब लावूं नये.